फोन बंद ठेवायचा नाही

पडद्यावर कंपनीचं नाव उमटलं, क्षणभर थरथरलं आणि पुन्हा सगळं काळं झालं.

"पाहा, सकाळपासून असंच करून राहिला," विष्णुपंत म्हणाले. "नाव येते अन् जाते."

"काका, बसा ना. उभे काहून?"

विष्णुपंत बसले नाहीत. राइट टाउनातल्या अनुपमच्या चिंचोळ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ते दाराकडे तोंड करून उभे होते आणि बाहेर मोटारसायकल थांबली की दचकत होते. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, जणू कुठे मुलाखतीला निघालेत. अनुपमचे वडील, अण्णा, आणि ते लष्करी कारखान्यात एकाच सेक्शनला होते. फोरमनलाही न जुमानणारा हा माणूस असा भेदरलेला पाहून अनुपमला कसंसंच झालं.

"लवकर कर, अनुपम. साहेबांचा फोन येणार आहे."

"कोणते साहेब? तुम्ही तर रिटायर झालात."

"ते नको विचारू."

कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या पोराला एवढं उत्तर पुरतं. आत काय बनतं ते घरी बोलायचं नाही आणि घरच्यांनी दुसऱ्यांदा विचारायचं नाही, याचं बाळकडू तिथे सगळ्यांनाच मिळतं. अनुपमने मान खाली घालून फोनची पाठ उघडली. बॅटरी फुगून टम्म झाली होती.

"किती वेळ चालू होता हा?"

"परवापासून. चार्जरला लावूनच."

"व्हिडिओवर?"

विष्णुपंत काउंटरवर वाकून कुजबुजले, "बंद नाही करायचा म्हणाले. जेवताना नाही, झोपताना नाही. मोरीतसुद्धा घेऊन गेलो, बाबा. अन् आज हा आपोआपच मेला. साहेब समजतील, मी पळालो."

अनुपमने फुगलेली बॅटरी काढून बाजूला ठेवली. खोटे पोलीस व्हिडिओवर येतात, माणसाला त्याच्याच घरात कोंडून ठेवतात आणि खातं धुऊन नेतात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"काकूंना सांगितलं?"

"विनताला? नाही. तिला वाटते, कारखान्याचंच काही जुनं काम निघालं. चहा दाराबाहेर ठेवते अन् जाते."

"आणि प्रणोतीला?"

मुलीचं नाव ऐकताच म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "तिचंच तर नाव आहे केसमध्ये. पुण्यात तिच्या नावाचं पार्सल पकडलं म्हणतात, त्यात नको ते निघालं. मी लाइनवर नसलो तर तिथल्या ऑफिसातून उचलून नेतील पोरीला. उद्या सगळी जमा त्यांच्या खात्यात टाकायची. चौकशी झाली की परत देतील."

"तिच्याशी बोललात का एकदा?"

"बोललो तर तिलाच आत टाकतील ना!"

तेवढ्यात अनुपमचा स्वतःचा फोन काउंटरवर घुरघुरला. त्याने पाहिलं आणि तो पालथा घातला.

"घरून का?"

"हो."

शेजारच्या पार्लरमधली जया आपल्या फोनची काच बदलायला आत आली आणि विष्णुपंतांना पाहून थबकली. "अंकलजी, तबीयत ठीक है? कितना पसीना आ रहा है." मग अनुपमकडे वळून हळूच म्हणाली, "भैया, कुछ गड़बड़ तो नहीं? आजकल बुज़ुर्गों को फोन पे बहुत डरा रहे हैं."

विष्णुपंतांचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुछ नहीं दीदी, बीपी है इनको," अनुपम घाईने म्हणाला. "आपका ग्लास कल लगा दूँगा."

जया गेली खरी, पण जाताना दोनदा मागे वळून पाहत गेली.

"बरं केलं," विष्णुपंत म्हणाले. "कोणाला कळायला नको."

अनुपमने नवी बॅटरी बसवली. नाव उमटलं. आता ते जात नव्हतं, पण पुढेही सरकत नव्हतं. पालथा घातलेला फोन पुन्हा घुरघुरला, या वेळी बराच वेळ. अनुपमच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर निसटला. तो घाबरला होता, आणि ही भीती काकांची की आपली, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

त्याने दोन बटणं एकदम दाबून धरली. काळ्या पडद्यावर यादी आली. एका ओळीने फोनमधलं सगळं पुसलं गेलं असतं, साहेबांचा नंबर आणि ज्यावर ते दिसायचे ते ॲपसुद्धा. दुसरीने फक्त साचलेला कचरा निघणार होता. पहिली ओळ निवडली असती तर म्हातारा सुटला असता, निदान आजच्यापुरता. अनुपमचं बोट तिथेच घुटमळलं.

विष्णुपंतांनी हात जोडले. "माझी पोर वाचव रे, अनुपम."

त्याने दुसरी ओळ निवडली. "आधी चालू तर होऊ द्या, काका. पुढचं पुढे."

फोन चालू झाला. विष्णुपंतांनी हुंदका दिला आणि तोंडावर हात दाबला.

"कोड सांगा."

त्यांनी प्रणोतीची जन्मतारीख सांगितली. फोन उघडला आणि टिंगटिंग टिंगटिंग सुरू झाली, थांबेचना.

"साहेब का?" विष्णुपंतांनी हात पुढे केला.

"नाही, कंपनीचं काहीबाही असतं. नेट धरतंय का तेवढं पाहतो." अनुपमचा अंगठा पडद्यावर भराभर फिरला. मग त्याने फोन काकांच्या हातात दिला. "आता सरळ घरी जा. वाटेत कोणाशी बोलू नका."

"पैसे?"

"राहू द्या. तुमच्याकडून घेतले तर अण्णा घरात घेणार नाहीत मला."

विष्णुपंतांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग कॉलर सारखी करून, फोन चेहऱ्यासमोर धरून ते ऑटोत बसले.

ऑटो वळेपर्यंत अनुपम दारात उभा राहिला. मग आत येऊन त्याने आपला फोन उलटा केला. विक्कीने चार वेळा एकच प्रश्न पाठवला होता, "बुड्ढे का फोन चालू हुआ?" अनुपमने घाम पुसला आणि उत्तर लिहिलं, "चालू हो गया. बेटी के मैसेज मैंने मिटा दिए. अब वीडियो कॉल लगाओ."