पत्रकाला उत्तर

सकाळपासून लोक प्रदर्शनातल्या कोऱ्या कागदासमोरच घुटमळत होते. बाकी भिंतभर जुनी पत्रकं होती. दोन पिढ्यांपूर्वी गावकऱ्यांनी एकमेकांचे वाभाडे काढायला छापलेली. रद्दीवाल्यांची पोती उपसून ती गोळा करण्यात चित्रकर्तीची उमेदीची वर्षं गेली होती. मांडणी साधी होती: आरोप आणि त्याचं उत्तर शेजारी शेजारी. एका आरोपाचं उत्तर काही केल्या मिळालं नाही, म्हणून तिथे तिने नुसता कोरा कागद काचेत लावला. वाचत कोणीच नव्हतं. फोटो मात्र त्या कोऱ्या कागदाचेच निघत होते.

"खूप खोल आहे हे," एकजण म्हणाला.

"खोल नाही, हरवलंय," ती म्हणाली.

त्याला तेही खोल वाटलं.

दुपारी काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. कोऱ्या कागदाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. शेजारचं 'नळाचे पाणी की विष?' हे पत्रक काचेला नाक लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. गावात नळ आणणाऱ्या डॉक्टरला त्यात कंत्राटदाराचा मिंधा ठरवलं होतं.

"हे डॉक्टर माझे वडील. काढा हे."

"काका, त्यांचं उत्तर शेजारी लावायचंय मला. किती वर्षं शोधतेय."

"मिळायचं नाही. गठ्ठेच्या गठ्ठे विहिरीत टाकले लोकांनी. मला पाठ आहे पण. वडील जेवायला बसले की रोज म्हणायचे. आमची जेवणं गार व्हायची."

तिचा हात पेन्सिलकडे गेला. "आत्ता सांगाल? मी लिहून घेते."

ते तिच्याकडे वळलेच नाहीत. पत्रकासमोर ताठ उभे राहिले, घसा खाकरला आणि थेट त्यालाच सुनावू लागले.

"महाशय, आपण मला मिंधा म्हणता. ज्या विहिरीचे पाणी आपण अमृत समजून पिता, तिनेच पटकीच्या साथीत माझी थोरली मुलगी नेली."

आवाज चढत गेला. तिची पेन्सिल धावत होती. मागे लोक जमले, मोबाइल वर झाले.

"मी कंत्राटदाराकडून काय घेतले, असे आपण विचारता. तर ऐका. मी..."

ते श्वास घ्यायला थांबले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

म्हाताऱ्यांनी मागे वळून पाहिलं. सगळे हसऱ्या चेहऱ्यांनी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी तोंड मिटलं.

"काका, पुढे?"

"माझी बहीण आहे त्यात, बाई," ते म्हणाले आणि दाराकडे चालू लागले.

ती जिन्यापर्यंत मागोमाग गेली, विनवण्या केल्या. काठीचा आवाज खाली खाली जात राहिला.

परत आली तेव्हा दाराशी एक मुलगी तिची वाट बघत उभी होती.

"मॅडम," तिने अदबीने विचारलं, "काकांचा पुढचा प्रयोग किती वाजता आहे?"