मेथीच्या वाफ्यावरची पाटी

शाळा तपासायला आलेले डिप्टीसाहेब मेथीच्या वाफ्यापाशी वाकले, एक कोवळं पान खुडून त्यांनी तोंडात टाकलं आणि म्हणाले, "वा! मोरोपंत, अख्ख्या तालुक्यात अशी शाळा पाहिली नाही."

हेडमास्तर मोरोपंतांचा जीव भांड्यात पडला. नागपूरच्या सरकारचा नवा हुकूम होता. जी शाळा पोरांना हाताने काम करायला लावून शिकवील, तिलाच यंदापासून पुरी ग्रँट. मोरोपंतांनी जन्मात खडूपेक्षा जड काही उचललेलं नव्हतं. पण अमरावतीच्या या टोकाला माळ्यांची वस्ती होती आणि माळ्यांची पोरं शाळेत होती. झालं, आयत्या बिळावर नागोबा. वकिलांची आणि भटजींची मुलं आत बसून वाफ्यातल्या वांग्यांची गणितं सोडवत होती, आणि माळ्यांची पोरं बाहेर वांगी पिकवत होती. "ज्याच्या हाताला जे वळण," असं मोरोपंत म्हणत.

"ही शकुनची आई," त्यांनी पार्बताबाईला पुढे केलं. "शकुन म्हणजे आमच्या बागेचा जीव."

साहेब येणार, धुतलेलं लुगडं नेसून ये, असा पार्बताबाईला निरोप गेला होता. ती बाजारातून परभारे आली होती, रिकामी टोपली काखेत घेऊन. शकुन तिसरीत होती. घोट्यापर्यंत चिखल, हातात खुरपं, आणि आई आली म्हणून तोंडभर हसू.

"कामातून अक्षरं यायला हवीत, हेच तर नवं धोरण," साहेब म्हणाले. "बाळ, या पाट्या वाच पाहू."

प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी मोरोपंतांच्या वळणदार अक्षरातली लाकडी पाटी होती. शकुन वाफ्यामागून वाफा चालत गेली. "मेथी. पालक. सांबार."

साहेब खो खो हसले. "पाटीवर कोथिंबीर लिहिलंय, आणि ही आपल्या बोलीतलं नाव सांगते! समजून वाचते हो मुलगी."

मोरोपंत घाईघाईने खोकले.

पार्बताबाईला स्वतःला अक्षर येत नव्हतं. पण लिहिलंय एक आणि पोरीने वाचलं दुसरं, एवढं तिला कळलं. आणि तिने आणखी एक पाहिलं होतं. वाचताना पोरीचे डोळे पाटीवर नव्हतेच, पाल्यावर होते.

तिने टोपली खाली ठेवली. मेथीची पाटी उपटली, पालकाची उपटली, आणि इकडची तिकडे, तिकडची इकडे खोचून दिली.

"अगं बाई, हे काय करतेस!" मोरोपंत ओरडले.

"थांबा जी गुर्जी. शकुन, आता वाच वं."

शकुनने वाफ्याकडे पाहिलं आणि आईला ऐकू जावं म्हणून चांगलं मोठ्याने म्हणाली, "मेथी!" पुढच्या वाफ्याशी जाऊन म्हणाली, "पालक!"

साहेब पाटीकडे आणि पाल्याकडे आळीपाळीने पाहू लागले. आपलं काय चुकलं ते शकुनला कळेना, तिने पुन्हा एकदा "पालक" म्हटलं.

"तिसरीत हाये पोरगी, साहेब," पार्बताबाई म्हणाली. "तिले एक अक्षर येत नाई. खुरपं तं मी घरीच शिकोलं असतं. इथं काहून धाडलं मंग?"

साहेबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "मोरोपंत, वाचनाकडे जरा लक्ष द्या," ते म्हणाले. "बाकी बाग उत्तम. सरकारचा भर सध्या उद्योगावर आहे. ग्रँट अडायची नाही."

केळीच्या वाळक्या सोपाने बांधून ठेवलेल्या भाजीच्या जुड्या टांग्यात चढल्या, पाठोपाठ साहेब चढले. मोरोपंतांचं घोडं गंगेत न्हालं. टांगा वळणाआड जाईपर्यंत ते हात जोडून उभे होते, आणि मग गर्रकन मागे वळले.

"तुझ्या जिभेला काही हाड? आज ग्रँट बुडाली असती. शाळेला कुलूप लागलं असतं, मग काय केलं असतं गं तुझ्या पोरीने?"

"वाफेच केले असते," पार्बताबाई म्हणाली. "पन घरच्या वाफ्यातली भाजी घरी तरी येते. इथली कोनाच्या घरी जाते, ते मले मालूम हाये."

एवढं बोलून तिने पोरीच्या हातातलं खुरपं काढून फेकलं, तिच्या दंडाला धरलं आणि तिला सरळ वर्गात नेलं. पहिल्या रांगेतल्या वकिलाच्या मुलाने आपलं दप्तर उचलून पोटाशी धरलं. त्याच्या शेजारी शकुनला बसवून पार्बताबाई दारात फतकल मारून बसली.

"शिकवा आता, गुर्जी. मी बसून आयकतो."

मोरोपंत तिला ओलांडून आत आले. कान लाल झालेले. फळ्यापाशी जाऊन त्यांनी खडू उचलला, दारातल्या बाईकडे एकदा पाहिलं, आणि खडू परत खाली ठेवला.

"बागकामाचा तास," ते शांतपणे म्हणाले. "चला, उठा."

एकाही मुलाने वहीतून मान वर केली नाही. कोणाला उठायला सांगितलंय, ते त्यांना पाठ होतं. शकुन तेवढी चटकन उठून उभी राहिली.