धोत्र्याची चिठ्ठी

चिठ्ठी सापडली.

धोत्रा. बी पोटात गेल्यास उपाय. पाहा: विषवैद्यक, पान एकशे बारा.

ग्रंथपाल त्र्यंबकने ती वर धरली तसे वाचनालयात जमलेले सगळे “वाहवा” म्हणाले. पुस्तकाचं नाव माहीत नाही, नुसत्या विषयावरून पान हाताशी! एकेक पुस्तक वाचून त्याने या चिठ्ठ्या लिहिल्या होत्या, लाकडी खोक्यात वर्णक्रमाने लावल्या होत्या. आजवर सगळे त्याला हसतच आले होते.

“त्र्यंबक, माझा चष्मा कुठल्या चिठ्ठीत आहे तेही बघ,” चिटणीस अण्णा म्हणाले. पुन्हा हशा.

दारातला मार्सेल हसला नाही. कोलशेतच्या मिठागरावरून तो नौपाड्यापर्यंत धावत आला होता. सरकारी डॉक्टर कल्याणला गेलेले. कुणीतरी त्याला इकडे पाठवलं होतं.

“गावला ना? मंग बगा ना मास्तर. आमच्या पोरीनं, थेल्मानं बिया खाल्ल्यान. डोले फिरवते, काय बी बडबडते.”

त्र्यंबक वळला. थांबला.

पुस्तक समोरच होतं. सरस्वतीपुढे रचलेल्या चळतीत, तळाशी. वर हळदकुंकू, झेंडूची फुलं.

खंडेनवमी. पूजेला मांडलेले पुस्तक दसऱ्याच्या विसर्जनापर्यंत हलवू नये, उघडू नये.

अशी चिठ्ठी खोक्यात नव्हती. तिची गरजच नव्हती.

“उद्या ये रे,” अण्णा म्हणाले. “सरस्वती बसलीये.”

“उद्या?” मार्सेलने अण्णांकडे पाहिलंच नाही. तो त्र्यंबककडे बघत होता.

“उद्या सकाळी सगळ्यांत आधी तुझंच पुस्तक काढतो,” त्र्यंबक म्हणाला.

मार्सेल धावतच परत गेला.

दसरा. पान एकशे बारा. कोमट पाण्यात मूठभर मीठ कालवून पाजावे. ओकारी होऊ द्यावी. रोग्यास झोपू देऊ नये.

पुस्तक काखेत मारून त्र्यंबक कोलशेतला निघाला. खाडीच्या कडेने गवताने शाकारलेल्या मिठाच्या राशी होत्या. तो त्यांच्याकडे न बघता चालत राहिला.

मार्सेलच्या अंगणात माणसं बसली होती. थेल्माला नुकतंच पुरून आले होते.

मार्सेल उठला. त्याला वाचता येत नव्हतं.

“बुक आनला? काय लिवलाय?”

त्र्यंबकने पान उघडलं. ओसरीच्या कोपऱ्यात मिठाचा ढीग होता, अर्धवट गोणपाटाने झाकलेला. त्याने पुस्तक मिटलं.

“काही नाही. यात उपाय दिलेलाच नाही.”

“पन काल चिठी गावली ना?”

“चिठ्ठी चुकली.”



“असू दे मास्तर. एवडी बुकं. एकादी चुकनारच,” मार्सेल म्हणाला. मग आत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आला.

किरिस्तावाच्या घरचं पाणी त्र्यंबक आयुष्यात कधी प्याला नव्हता.

पाणी मचूळ होतं. तो सगळं प्याला.