टिचकी

टाकीच्या काठावर टिचकी मारली की निरोगी कालव झटकन मिटते. आत परजीवी शिरलेले कालव उघडेच राहते. आमच्या शेडमधली ही रोजची तपासणी. समुद्र वर्षागणिक तापत होता आणि कोमट पाण्यात हा परजीवी झपाट्याने वाढे. म्हणून पाणी गार ठेवणारे यंत्र मी कधीही बंद करू देत नसे.

धाकट्या भावाने ते बंद केले होते. कारण काय, तर त्याच्या घरघरीने डोके उठते!

मी टिचकी मारली. एकही कालव मिटले नाही.

"सगळी टाकी घालवलीस! अक्कल गहाण टाकली होतीस का?"

"दादा, उगाच आकांडतांडव नको. यातलीच कालवं मी आत्ता कच्ची खाल्ली. बघ, ठणठणीत आहे."

बशीत त्याने खाऊन टाकलेले रिकामे शिंपले, दोन्ही झाकणे जोडलेली, आ वासून पसरले होते. संतापाने मी टेबलावर मूठ आपटली.

रिकामे शिंपले खटकन मिटले.

"दादा, हे..." एवढे बोलून भाऊ थांबला. तोंड मात्र उघडेच होते.

"मीट ते तोंड!" मी ओरडलो.

त्याच्या डोळ्यांत पाणी आले. शेवटी, टाकीवर मारतो तशीच, मी त्याच्या गालावर टिचकी मारली.

तोंड उघडेच राहिले.