जुन्या नावाची हाक

"नवं नाव दिलंस की लगेच उठू नकोस. जुन्या नावाने एकदा हाक मार. ओ आली नाही, तरच काम झालं म्हण."

मावशींनी तिला हे शिकवलं त्याला बारा वर्षं झाली होती. रुग्णालयाच्या नोंदणी कक्षातले कॉम्प्युटर तेव्हा त्या सांभाळत. आता ती सांभाळत होती. हाक मारायची म्हणजे शेजारच्या कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडून पिंग लिहायचं आणि पुढे जुनं नाव टाकायचं. त्या नावाचं यंत्र कुठे चालू असेल तर उत्तराची ओळ उमटते. नसेल तर खिडकी सांगते, असं कोणी नाही. हा नेम तिने आजवर मोडला नव्हता.

कक्षातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला त्यावर बसणाऱ्याचं नाव होतं. काका, वहिनी, भाऊ. कोपऱ्यातला होता मावशी. त्या निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी ते नाव कोणी काढलं नव्हतं. आता वरून आदेश आला होता: नावं नकोत, क्रमांक द्या.

सकाळी दहापर्यंत सहा कॉम्प्युटर झाले. कमांड, रिस्टार्ट, जुनी हाक. एकदाही ओ आली नाही.

"म्हणजे मी आजपासून नोंद-तीन," दाराशेजारी बसणारे काका म्हणाले. "घरी मात्र अजून 'अहो'च. तेवढं बदलून दे की, इंजिनीअरीणबाई."

"काकूंचा पासवर्ड माझ्याकडे नाही, काका."

सातवा कोपऱ्यातला. एका ओळीत नाव बदललं. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा लागला आणि पडद्यावर नोंद-सात आलं. सव्वादहा झाले होते. हाक मारायची तेवढी राहिली होती. मावशींच्या नावापुढे 'असं कोणी नाही' हे वाचणं तिला जमलं नसतं. ती उठली आणि चहा प्यायला गेली.

साडेअकराला फोन आला. मावशींची लेक होती.

"ताई, कामात आहेस का गं? घाबरू नकोस, आई तशी बरी आहे. पेज घेतली, केस विंचरू दिले. पण ओ देत नाहीये."

ती खुर्चीच्या कडेला टेकली. गेली दोन वर्षं मावशींना लेक ओळखू येत नव्हती, दार कुठल्या बाजूला ते कळत नव्हतं. आई म्हटलं तर त्या बघतही नसत, म्हणून लेकसुद्धा त्यांना मावशी म्हणू लागली होती. त्या एका हाकेला मात्र मान वळायची आणि "ओ" यायची. तेवढाच धागा उरला होता.

"कधीपासून?"

"सकाळी आंघोळीला हाक मारली तेव्हा दिली. मग दहा-सव्वादहाला मारली, तर माझ्याकडेच बघून म्हणते, कोणाला बोलावतेस? असं कोणी नाही इथे." लेकीने नाक ओढलं. "तू येऊन एकदा हाक मारशील? तुझा आवाज तिच्या ओळखीचा होता."

"येते. संध्याकाळी सुटले की येते."

फोन ठेवून ती कोपऱ्यात गेली आणि जुनं नाव परत देऊ लागली. खिडकीने नकार दिला. हे नाव नेटवर्कवर दुसऱ्या यंत्राकडे आहे.

"काका, जरा सरकता?"

काकांच्या कॉम्प्युटरवर तिने पिंग लिहिलं, पुढे मावशी लिहिलं. आणि राहिलेली हाक मारली, बंद करेपर्यंत पुन्हापुन्हा जाणारी.

ओ आली.

कक्षातलं कुठलंही यंत्र पापणी लवायच्या आत उत्तर देई. या ओळीला चार सेकंद लागले होते. ती परत कोपऱ्यात गेली, नोंद-सातची नेटवर्कची केबल उपसून हातात घेऊन आली. पुढची ओळ सहा सेकंदांनी उमटली. जिना चढून कोणी दाराशी यावं, दम खावा आणि मग बोलावं, तशी.

काकांनी चष्मा वर केला. सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली.

"सातही इथे आहेत. मग हे कोण गं?"

पुढच्या ओळीला नऊ सेकंद लागले. त्यानंतरच्या ओळीला चौदा.

तिने केबल टेबलावर ठेवली आणि पर्स उचलली.

"हे बंद करू नका. कोणाला हात लावू देऊ नका."

"आणि तू कुठे निघालीस?"

"मावशींकडे. येते म्हणून सांगितलंय."

"संध्याकाळी म्हणालीस ना?"

पडद्यावर रिकामी ओळ होती. दोघं त्या ओळीकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने ती भरली.

तिने दार आवाज न करता ओढून घेतलं. जिना भरभर, पण चवड्यांवर उतरली. वाटेत कोणी तिला हाक मारली असती, तर थांबावं लागलं असतं.