आंजीचा हवाई थांबा

महादेवरावांनी आंजीत विमान थांबवलं. जाऊ द्या, मी काही बोललोच नाही.

त्याचं झालं असं, सत्त्याण्णव साली शाळेत जुना माहितीपट दाखवला. त्यात विमानतळ म्हणजे नुसतं कुरण होतं; गाई हाकलल्या की विमान उतरायचं. महादेवरावांची लेक समीक्षा एके दिवशी मुंबईहून ऑफिसच्या कामाने विमानाने नागपूरला येऊन संध्याकाळी परतणार होती. विमान आंजीवरूनच जायचं, पण गावी यायला सवड नव्हती. त्या सकाळी त्यांनी गायरानातल्या गाई हाकलल्या आणि वर बघून हात केला.

"थांबलं का जी?" त्यांच्या बायकोने, कोकिळाबाईंनी विचारलं.

"नाई. पायलट नवा दिसते."

दुपारी विमान कंपनीला अर्ज गेला: 'एसटीची "हात दाखवा, गाडी थांबवा" योजना संध्याकाळच्या विमानास लागू करावी. न जमल्यास आमच्या मुलीस आंजीच्या बाजूची खिडकी द्यावी, ही विनंती.'