पेजेची शीळ

रानातून परतताना सुगंधाचे बाबा उतारावरूनच शीळ घालायचे, म्हणजे ते अंगणात पोचेपर्यंत आई पेज वाढून ठेवायची. बारा वर्षांपूर्वी ते रातांबे काढायला गेले, ते परत आलेच नाहीत. शीळ मात्र अजून ऐकू येते, आणि आई अजून पेज वाढायला उठते.

"आये, पाखरू आसा ता!" सुगंधा दर वेळी चिडते.

आता त्या रानाचं अभयारण्य झालंय आणि सुगंधा तिथे पर्यटकांना फिरवते. आज सकाळी शीळ आली, तसा तिने सवयीने फांदीवरचा काळा, लांब शेपटीचा पक्षी दाखवला. "हा भृंगराज कोतवाल. कानावर पडलेला कुठलाही आवाज हुबेहूब काढतो."

पुण्याच्या एका बाईंनी कॅमेरा त्याच्यावर रोखला. तेवढ्यात पुन्हा तीच शीळ आली.

"अहो, पण याची चोच तर बंद आहे," त्या म्हणाल्या. "हासुद्धा आपल्यासारखा उताराकडे वळून ऐकतोय."

 

सुगंधाने घरी फोन लावला. "आये, पेज वाढ गो."